जुन्या संगणकावर विंडोज ९८: पेजमेकरमधील मराठी फाइली परत मिळवण्याची सविस्तर कृती

नाशिकमधील छोट्या छापखान्यांत, शाळांच्या कार्यालयांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर १९९८ ते २००५ या काळातील संगणक आजही पडून असलेले दिसतात. त्यांपैकी अनेकांच्या हार्ड डिस्कवर दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, कवितासंग्रह आणि वंशावळी यांच्या पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाइली आहेत, आणि कित्येकदा त्या मजकुराची दुसरी प्रत कोठेही नसते. अशी फाइल आजच्या संगणकावर उघडली की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते, आणि फाइल बिघडली आहे असे समजून ती पुसून टाकली जाते. वस्तुतः ती बहुधा सुस्थितीत असते. त्या काळातील मराठी फॉन्टमध्ये काना, वेलांटी, रफार आणि अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा प्रत्येक फॉन्टसंचाची मांडणी निराळी होती, आणि तो नेमका फॉन्ट संगणकात नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

त्या काळातील संगणक सुरक्षितपणे चालू करणे, त्यावर विंडोज ९८ बसवणे आणि त्यातून हा मजकूर बाहेर काढणे, अशी सगळी कृती येथे क्रमाने दिली आहे. सर्वांत आधी जुन्या हार्ड डिस्कची प्रत घ्यावी आणि संगणकाचे बाकी सर्व काम त्यानंतरच हाती घ्यावे, या क्रमाबाबत तडजोड करू नये असे माझे ठाम मत आहे. संगणक दुसरा मिळतो, विंडोजची सीडी मिळते, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिस्कला पुन्हा पुन्हा वीज देऊन पाहण्याची संधी मिळेलच असे नाही.

विंडोज ९८ची निवड का करावी

विंडोज ९८ जून १९९८ मध्ये बाजारात आली आणि तिची सुधारित आवृत्ती, सेकंड एडिशन, १९९९ मध्ये आली. आपल्या कामासाठी हीच दुसरी आवृत्ती घ्यावी, कारण यूएसबी आणि नेटवर्क यांचा आधार तिच्यात पुष्कळ सुधारलेला आहे. विंडोज २००० आणि एक्सपी या प्रणाली अधिक स्थिर आहेत हे खरे, परंतु त्या कोणत्याही प्रोग्रामला पोर्टशी थेट बोलू देत नाहीत. त्या काळातील बऱ्याच मराठी डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या समांतर पोर्टवर लावायचा हार्डवेअर लॉक, म्हणजे परवाना तपासणारा छोटा जोड, लागत असे आणि सॉफ्टवेअर त्या लॉकची चौकशी थेट पोर्टवरून करीत असे. योग्य ड्रायव्हर नसल्यास असा लॉक नव्या प्रणालीत ओळखला जात नाही, तर विंडोज ९८मध्ये तो सहसा विनातक्रार चालतो.

ज्यांच्याकडे लॉकची अडचण नाही, त्यांनी संपूर्ण जुना संगणक उभा करण्यापूर्वी आजच्या संगणकावरच ८६बॉक्स हा एम्युलेटर वापरून पाहावा. तो पेंटियमच्या काळातील संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो आणि विंडोज ९८ त्यावर उत्तम चालते. पाने जुळवण्याच्या इनडिझाइन या नंतरच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्याही पेजमेकर ६पासूनच्या फाइली उघडतात, मात्र पानांची जुळणी थोडीफार हलते आणि मूळ फॉन्ट तेथेही लागतातच.

संगणक निवडताना

पेंटियम दोन किंवा तीन प्रोसेसर, इंटेलचा ४४०बीएक्स अथवा ८१५ चिपसेट (मदरबोर्डवरील मुख्य चिपांचा संच), १२८ ते २५६ एमबी रॅम, एजीपी ग्राफिक्स कार्ड आणि मागे समांतर पोर्ट असलेला संगणक या कामाला अगदी योग्य ठरतो. पेंटियम चारचे ८४५ आणि ८६५ चिपसेटचे संगणकही चालतात. त्यापुढील ९१५ चिपसेटपासून अंगभूत ग्राफिक्सचे विंडोज ९८साठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत, म्हणून तेथे थांबावे.

असा संगणक नाशिकमध्ये शोधायचा तर बंद झालेल्या छापखान्याच्या मालकाकडे प्रथम विचारावे. तेथे संगणकासोबत मूळ सीडी, फॉन्टच्या फ्लॉपी आणि लॉकही एका ठिकाणी मिळण्याचा संभव असतो. महात्मा गांधी रोडवरील जुन्या दुरुस्तीच्या दुकानांत आणि अंबड-सातपूर भागातील भंगारवाल्यांकडेही विचारता येईल. भंगारात देताना पुष्कळांकडून होणारे नुकसान म्हणजे मागच्या पोर्टवर स्क्रूने घट्ट बसलेला काडेपेटीएवढा लॉक कॅबिनेटसोबतच निघून जातो. तो लॉक म्हणजेच त्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे, त्यामुळे तो आधी काढून, सॉफ्टवेअरच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावा. कॅबिनेटच्या बाजूला विंडोजच्या परवान्याचा पंचवीस अक्षरांचा स्टिकर असतो. अक्षरे पुसट होण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

वीज देण्यापूर्वी

माळ्यावरून काढलेल्या संगणकाची वायर थेट प्लगमध्ये घालण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात ठेवलेल्या वस्तूंत ओलावा मुरलेला असतो, म्हणून झाकण उघडून तो हवेशीर कोरड्या खोलीत एक-दोन दिवस ठेवावा. मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे पंखा भन्नाट वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडणार नाही.

त्यानंतर मदरबोर्ड चांगल्या उजेडात निरखावा. प्रोसेसरच्या आसपासचे उभे, गोल कपॅसिटर वरून सपाट असले पाहिजेत. १९९९नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते, त्यामुळे त्या काळातील बोर्डांवर वरून फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळालेले कपॅसिटर वारंवार आढळतात. असा एक जरी दिसला तरी बोर्ड चालू करू नये. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे आणि कमी ईएसआरचे (अंतर्गत रोध कमी असलेले) नवे कपॅसिटर अनुभवी कारागिराकडून बसवून घ्यावेत. घड्याळाचा सीआर २०३२ सेल काढून नवा घालावा. संगणक ३८६ किंवा ४८६च्या पिढीतील असेल तर बोर्डावर सोल्डर केलेली पिंपाच्या आकाराची बॅटरी असते. ती गळून आसपासचे तांबे खाते, म्हणून ती कापून काढणे हेच पहिले काम समजावे.

आता एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा धातूचा डबा. त्याच्या मागे ११५ आणि २३० अशी लाल सरकपट्टी असते. परदेशातून आलेल्या किंवा हाताळणीत हललेल्या एसएमपीएसवर ती ११५वर असेल, तर आपल्या विजेवर तो क्षणात जळतो. ती २३०वर असल्याची खात्री करावी. नंतर एसएमपीएस मदरबोर्डपासून वेगळा करावा, त्याला जुना सीडी ड्राइव्ह भार म्हणून जोडावा, वीस पिनांच्या जोडणीतील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडून तो चालू करावा आणि मल्टिमीटरने मोजावे. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट या मर्यादेबाहेर आकडा गेला तर तो वापरू नये. एसएमपीएसचे झाकण स्वतः उघडण्याचे धाडस करू नये, कारण आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब वीज बंद केल्यानंतरही काही काळ राहू शकतो. जाड काचेच्या जुन्या सीआरटी मॉनिटरच्या बाबतीत तर हा इशारा कितीतरी अधिक गांभीर्याने घ्यावा, कारण तेथे दाब हजारो व्होल्टचा असतो.

नवा एसएमपीएस बसवताना एक गोष्ट पाहावी. पेंटियम तीनच्या काळातील बोर्ड प्रोसेसरसाठीची वीज मुख्यतः पाच व्होल्टच्या तारेवरून घेतात, तर आजचे एसएमपीएस बहुतेक शक्ती बारा व्होल्टवर देतात. म्हणून केवळ एकूण वॉट न पाहता लेबलवरील पाच व्होल्टचे अँपिअर वाचावेत. एटी पद्धतीच्या त्याहून जुन्या बोर्डावर वीजजोडणीचे दोन तुकडे असतात आणि ते लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलट लावल्यास बोर्ड निकामी होतो.

जुन्या डिस्कची प्रत

मूळ हार्ड डिस्क कॅबिनेटमधून काढावी आणि तिला मूळ संगणकात चालवून पाहण्याऐवजी यूएसबी-आयडीई ॲडॅप्टरने (आयडीई म्हणजे त्या काळातील डिस्कची जोडणी) आजच्या लिनक्स संगणकाला जोडावी. डिस्कवरील जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, मास्टरवर ठेवावा. विंडोज असलेल्या नव्या संगणकाला जोडल्यास डिस्क फॉरमॅट करण्याची सूचना पडद्यावर येण्याची शक्यता असते आणि घाईत होकार दिला जातो. हा धोका लिनक्सवर नाही, आणि तेथे जीएनयू डीडीरेस्क्यू हे या कामासाठीच तयार केलेले साधन विनामूल्य मिळते. ते आधी डिस्कचे सुस्थितीतील भाग झपाट्याने वाचून घेते, खराब भागांची नोंद एका स्वतंत्र नकाशा-फाइलमध्ये ठेवते आणि शेवटी त्या भागांवर पुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. संपूर्ण डिस्कची प्रतिमा एकाच मोठ्या फाइलमध्ये घ्यावी आणि ती एफएटी ३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ठेवू नये, कारण तेथे एका फाइलची मर्यादा चार जीबी आहे.

डिस्क फिरताना ठरावीक अंतराने टकटक आवाज येत असेल, तर वीज लगेच बंद करावी. अशा डिस्कला थोपटणे किंवा थंड करणे हे ऐकीव उपाय आतील पृष्ठभाग खरवडून टाकू शकतात. मजकूर मोलाचा असेल तर ती डेटा परत मिळवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांकडेच द्यावी.

फ्लॉपींची काळजी आणखी वेगळी आहे. दमट हवेत फ्लॉपीच्या आतील तबकडीवर बुरशी धरते. धातूची सरकपट्टी बाजूला करून तबकडी हलकेच फिरवत तिरप्या उजेडात पाहावे. पांढुरके डाग दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटते आणि त्यापुढची प्रत्येक चांगली फ्लॉपी ते हेड ओरखडत जाते. स्वच्छ फ्लॉपी आधी वाचून घ्याव्यात, डागाळलेल्या शेवटी ठेवाव्यात, आणि मधून मधून हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे.

नवी साठवण आणि बायोस

विंडोज ९८ बसवण्यासाठी जुनी डिस्क मुळीच वापरू नये. आयडीई ॲडॅप्टरवर बसणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे. ते आवाज करीत नाही, कमी वीज घेते, आणि मुख्य म्हणजे काम झाल्यावर तेच कार्ड काढून आजच्या संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये घालता येते, त्यामुळे फाइली हलवण्याचा अर्धा प्रश्न तेथेच सुटतो. शक्यतो औद्योगिक वापरासाठीचे, स्वतःला स्थिर डिस्क म्हणून दाखवणारे कार्ड घ्यावे. ८ किंवा १६ जीबी जागा या कामाला भरपूर होते. १९९९च्या मध्यापूर्वीचे अनेक बायोस (संगणक सुरू होताच चालणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर) ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसताच अडकून पडतात, विंडोज ९८मधील डिस्कचे विभाजन करणारा मूळ प्रोग्राम, एफडिस्क, ६४ जीबीपुढे आकार चुकीचा दाखवतो, आणि १३७ जीबीच्या पुढे तर विंडोज ९८चा डिस्क ड्रायव्हर माहितीची नासाडी करू शकतो. मोठी डिस्क घेऊन या तिन्ही अडथळ्यांशी झगडण्यात काही लाभ नाही.

रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी संपर्क स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके घासून, चुरा झटकून पुन्हा बसवावेत. संगणक चालू होताच बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग भरून घ्यावीत, तारीख आणि वेळ घालावी, कार्ड आपोआप ओळखले जाते का ते पाहावे आणि पहिली सुरुवात फ्लॉपी किंवा सीडीपासून ठेवावी. बूट सेक्टरवर लिहिताना इशारा देणारी व्हायरस-संरक्षणाची सोय बंद करावी, कारण विंडोज बसताना तेथे लिहिणे भागच असते. समांतर पोर्टसाठी आधी साधी म्हणजे एसपीपी किंवा ईपीपी पद्धत निवडावी. जुने लॉक ईसीपी पद्धतीत कधी कधी सापडत नाहीत. यानंतर मेमटेस्ट८६+ने रॅमची निदान एक पूर्ण फेरी तपासून घ्यावी. सदोष रॅमवर विंडोज बसवताना येणाऱ्या त्रुटींचे संदेश इतके दिशाभूल करणारे असतात की माणूस सीडी, डिस्क, केबल सगळे बदलतो आणि खरे कारण तसेच राहते.

विंडोज बसवणे

आपल्या परवान्याची सीडी आणि विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी हाताशी घ्यावी. ओईएम, म्हणजे संगणकासोबत आलेली, सीडी बहुधा स्वतः सुरू होते, पण दुकानात मिळणाऱ्या सीडीला फ्लॉपी लागते. फ्लॉपीवरून सीडी-रॉमच्या आधारासह सुरुवात करावी आणि एफडिस्क चालवावा. मोठ्या डिस्कचा आधार हवा का, या पहिल्या प्रश्नाला होकार द्यावा, म्हणजे एफएटी ३२ पद्धत वापरली जाते. मग संपूर्ण कार्डाचे एक प्राथमिक विभाजन करून ते सक्रिय ठेवावे आणि संगणक पुन्हा सुरू करून सी ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फ्लॉपी स्वतःची साधने ठेवण्यासाठी रॅममध्ये एक छोटा ड्राइव्ह तयार करते, त्यामुळे सीडीचे अक्षर एकाने पुढे सरकते. डी वर सीडी सापडली नाही तर ई वर पाहावे.

येथे एक पायरी आवर्जून करावी. सीडीवरून थेट सेटअप न चालवता, आधी सीडीच्या विन९८ या फोल्डरमधील स्मार्टड्राइव्ह चालवावा, सी ड्राइव्हवर त्याच नावाचे फोल्डर करून सीडीवरील त्या फोल्डरमधील सर्व फाइली त्यात उतरवून घ्याव्यात, आणि सेटअप तेथूनच सुरू करावा. स्मार्टड्राइव्हमुळे डॉसमधील फाइलींची नक्कल कितीतरी वेगाने होते. फाइली कार्डावर असल्यामुळे पुढे प्रत्येक ड्रायव्हर बसवताना विंडोज सीडी मागत नाही, आणि जुन्या सीडी ड्राइव्हच्या थकलेल्या लेन्समुळे मध्येच अडकण्याचा धोकाही टळतो. सेटअप नेहमीचे प्रश्न विचारतो, परवान्याची अक्षरे मागतो आणि काही वेळा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. त्यात विशेष सांगण्यासारखे नाही.

रॅम ५१२ एमबीपेक्षा अधिक असेल, तर मात्र विंडोज सुरू होताना स्मृती अपुरी असल्याचा चमत्कारिक संदेश येतो. याचे कारण विंडोजची फाइल-कॅश उपलब्ध रॅमच्या प्रमाणात पत्त्यांची जागा अडवते आणि बाकीच्या कामांना ती उरत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जादा पट्टी काढून टाकणे. ते नको असेल तर विंडोज फोल्डरमधील सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅश या भागाखाली, मॅक्स फाइल कॅश हे इंग्रजी शब्द जागा न सोडता लिहून, बरोबरचे चिन्ह आणि २६२१४४ हा आकडा घालावा.

ड्रायव्हरांचा क्रम

विंडोज प्रथम सुरू होते तेव्हा पडदा बहुधा ६४० गुणिले ४८० आणि सोळा रंगांत असतो. आधी चिपसेटचे ड्रायव्हर, मग ग्राफिक्स, मग ध्वनी आणि शेवटी नेटवर्क हा क्रम पाळावा. चिपसेट ओळखला गेल्याशिवाय एजीपी कार्डाला त्याची बस नीट सापडत नाही, आणि उलट क्रमाने गेल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हे साचत जातात. प्रत्येक ड्रायव्हरनंतर संगणक पुन्हा सुरू करावा. हे ड्रायव्हर आधीच एका सीडीवर जाळून ठेवावेत, कारण यूएसबी पेन ड्राइव्ह विंडोज ९८ स्वतःहून ओळखत नाही. त्यासाठी एनयूएसबी या नावाने ओळखला जाणारा सामाईक ड्रायव्हर संच बसवावा लागतो. त्यानंतर बहुतेक पेन ड्राइव्ह चालतात, मात्र ते एफएटी ३२ पद्धतीचे असावेत, कारण एनटीएफएस विंडोज ९८ला वाचता येत नाही.

डिस्कच्या गुणधर्मांत डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याची) चौकट असते. ती निवडल्यास वेग वाढतो, परंतु काही स्वस्त कॉम्पॅक्ट फ्लॅश ॲडॅप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात आणि मग विंडोज सुरू होताना अडकते. तसे झाले तर सुरुवातीला एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जावे आणि ती चौकट रिकामी करावी.

हा संगणक इंटरनेटला जोडू नये. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ची देखभाल ११ जुलै २००६ रोजी थांबवली. त्यानंतर सापडलेल्या कोणत्याही सुरक्षा-त्रुटीवर उपाय झालेला नाही, आणि आजची संकेतस्थळे तिच्या ब्राउझरमध्ये उघडतही नाहीत.

फॉन्ट, लॉक आणि पेजमेकर

आता डिस्कच्या प्रतिमेकडे परत यावे. लिनक्सवर ती केवळ वाचण्यापुरती उघडून त्यातील विंडोज फोल्डरमधील फॉन्ट्स हे उपफोल्डर आणि पेजमेकरच्या सर्व फाइली वेगळ्या काढाव्यात. पेजमेकर ६.५च्या फाइलींचे शेपूट पी६५ आणि ७चे पीएमडी असते, तेवढ्यावरून शोध घेता येतो. चित्रांच्या फाइली बहुधा पेजमेकरच्या फाइलीत सामावलेल्या नसून केवळ जोडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक अंकाचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उचलावे.

फॉन्ट त्याच डिस्कवरून घेण्याचा आग्रह मी धरतो. एकाच नावाच्या मराठी फॉन्टच्या निरनिराळ्या काळातील आवृत्त्यांत काही अक्षरांच्या जागा किंवा रुंदी बदललेली असते. महाजालावरून त्याच नावाचा फॉन्ट उतरवून घातला तर मजकूर वाचता येतो, पण ओळी जागा बदलतात आणि एखादे जोडाक्षर गुपचूप दुसरेच होऊन बसते. अशी चूक मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटते. त्याच वेळी सगळे फॉन्ट एकदम घालू नयेत. विंडोज ९८ सुमारे हजार ट्रूटाइप फॉन्टांपुढे गडबडते, आणि डीटीपीच्या डिस्कवर एवढे फॉन्ट असणे मुळीच नवलाचे नाही. त्या अंकाला लागणारे तेवढेच घालावेत.

लॉक लावताना संगणक पूर्ण बंद असावा. लॉक आणि पोर्ट यांच्यामध्ये दोन प्रिंटरचा स्विच-बॉक्स ठेवू नये. मूळ सीडीवरून मराठी सॉफ्टवेअर बसवावे आणि ते लॉक ओळखते याची खात्री झाल्यावरच पेजमेकर सुरू करावा. फाइल उघडताना एखादा फॉन्ट नसल्याचे सांगणारी चौकट आली तर तेथूनच मागे फिरावे, तो फॉन्ट बसवावा आणि फाइल पुन्हा उघडावी. पर्यायी फॉन्ट स्वीकारून फाइल साठवली तर मूळ फॉन्टचे नाव फाइलीतून कायमचे जाऊ शकते. त्यामुळे सर्व काम प्रतीवरच करावे हे वेगळे सांगायला नको.

मजकूर बाहेर काढणे

पानांचे रूप आणि मजकूर या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे वाचवाव्यात. रूपासाठी विंडोजमध्ये एक पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर बसवावा. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी विंडोजच्या यादीतील ॲपल लेझररायटर चालतो. त्याचे पोर्ट म्हणून फाइल निवडावी. प्रिंटरच्या गुणधर्मांत ट्रूटाइप फॉन्टच्या जागी प्रिंटरचे स्वतःचे फॉन्ट वापरण्याची सोय बंद करून फॉन्ट बाह्यरेषांच्या रूपात पाठवण्याची निवड करावी. मग पेजमेकरमधून संपूर्ण अंक छापला की कागदाऐवजी एक पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार होते. ती आजच्या संगणकावर नेऊन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफमध्ये बदलावी. ही पीडीएफ कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर मूळ पानासारखीच दिसते, कारण अक्षरांचे आकार तिच्यातच असतात. तिच्यातील मजकूर निवडून अन्यत्र चिकटवल्यास मात्र पुन्हा इंग्रजी अक्षरेच येतात, आणि तिच्यात मराठी शब्द शोधताही येत नाही.

म्हणून मजकूर वेगळा काढावा लागतो. पेजमेकरमध्ये लेखाच्या मजकुरात कर्सर ठेवून सर्व निवडावे आणि तो आरटीएफ पद्धतीने निर्यात करावा. साध्या टेक्स्टपेक्षा आरटीएफ चांगले, कारण त्यात प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट नोंदलेला राहतो आणि मराठी मजकुरात मधेच आलेले इंग्रजी शब्द व आकडे ओळखून बाजूला ठेवता येतात. अन्यथा परिवर्तक त्या इंग्रजी शब्दांचेही देवनागरी तुकडे करून टाकतो. त्यानंतर त्या विशिष्ट फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत आणावा.

हे काम केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवण्याचे नाही, आणि चुका नेमक्या त्यातूनच होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत, म्हणजे ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, तेथे क आधी येतो. रफाराचे उलट आहे. ‘सूर्य’ या शब्दात जुना मजकूर य नंतर रफार ठेवतो, युनिकोडला र आणि त्यामागून हलन्ताचे चिन्ह, ही दोन्ही य च्या आधी लागतात. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले, जसे ‘वार्षिक’ किंवा ‘मूर्ति’ लिहिताना, की बरेच परिवर्तक चुकतात. मराठीचा खास चंद्रकोरीसारखा र, म्हणजे ‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ यांतील, हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांत बहुधा बिघडतो. ‘ॲ’ आणि ‘ळ’ यांकडेही स्वतंत्रपणे पाहावे. मी सुचवतो ती पद्धत अशी की या सर्व अक्षरांचे शब्द असलेला एक परिच्छेद आधी परिवर्तित करून, शेजारी पीडीएफचे पान ठेवून तपासावा, परिवर्तक ज्या जागी नेमाने चुकतो त्यांची यादी करावी, आणि मग संपूर्ण मजकुरात शोध घेऊन तेवढ्या जागा सुधाराव्यात. त्यानंतर एकदा सलग मुद्रितशोधन लागतेच, त्याला पर्याय नाही.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतील वाचकांसाठी एक पुरवणी. जुन्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांना सिरीयल पोर्टवरून प्रोग्राम पाठवणारी डॉसमधील साधने याच संगणकावर, विंडोज सुरू न करता शुद्ध डॉसमध्ये, चांगली चालतात. सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट ही मांडणी अशा यंत्रांत पुष्कळदा आढळते, परंतु यंत्राच्या पॅरामीटरमधील नोंदच अंतिम मानावी. केबल जोडताना आणि काढताना दोन्ही यंत्रे बंद असावीत आणि दोन्हींचे अर्थिंग एकच असावे, नाहीतर पोर्टची चिप जळते.

चालू स्थितीत ठेवण्यासाठी

सर्व काही जुळून आल्यावर कार्ड बाहेर काढावे, रीडरमधून त्याची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कार्डावर ती उतरवून ते कार्ड प्रत्यक्ष चालवून पाहावे. संगणक यूपीएसवर चालवावा, कारण अचानक वीज गेल्यास एफएटी ३२च्या नोंदी अर्धवट राहतात आणि पुढच्या वेळी स्कॅनडिस्क सुरू होतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर तो चालू ठेवला तर आतील उष्णतेने ओलावा निघून जातो. फ्लॉपी आणि सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. दुसरे कार्ड, लॉक, परवान्याच्या अक्षरांची नोंद, ड्रायव्हरांची सीडी आणि बायोसमधील सेटिंगचा कागद एकाच डब्यात, शक्यतो संगणकाच्याच कपाटात ठेवावीत, आणि काढलेल्या पीडीएफ व युनिकोड मजकुराची एक प्रत ज्या संस्थेचा तो अंक असेल तिच्याकडेही द्यावी.